मॅहराच्या मैदानानं दिलेलं

आयर्लंडचं गेलिक फुटबॉल पाहायच्या आधी मी तालमीचं फुटबॉल पाहिलं होतं. माझं बालपण कोल्हापुरात, शिवाजी पेठेत गेलं. तिथं फुटबॉलचा संघ कुणा कंपनीचा नसतो, कुणा मालकाचा नसतो. संघ असतो पेठेचा आणि तालमीचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की दुपारनंतर दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाकडे धड बघत नाहीत. पुढं नर्सिंग करून मी उत्तर आयर्लंडला आले आणि डेरी काउंटीतल्या मॅहरा या गावात आम्ही घर केलं. ग्लेनशेन घाटाच्या पायथ्याशी, चार हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव वर्षातला बहुतेक काळ ओलंच असतं. इथल्या क्लबचं नाव वॉटी ग्रॅहम्स, पण सगळे नुसतं ‘ग्लेन’ म्हणतात. २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू होऊन २०२४ च्या जानेवारीत संपलेला ग्लेनचा मोसम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे. आपल्याकडून इकडे येणाऱ्या मंडळींनी तरी ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

१. आधी शिडी समजून घ्यावी

या खेळाची रचना कळली की बाकी सगळं कळायला लागतं. १८८४ साली टिपरेरीतल्या थर्ल्स गावी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, आणि तेव्हापासून तिची सर्वांत खालची पायरी म्हणजे गावचा क्लब. बहुतेक ठिकाणी एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला एक क्लब. हे क्लब आधी आपल्या काउंटीत एकमेकांशी झुंजतात. काउंटी जिंकली की प्रांत. प्रांत चार: अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर आणि कॉनॉट. चार प्रांतांचे चार विजेते मग अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीत भेटतात.

अल्स्टरमध्ये काउंट्या नऊ. त्यातल्या सहा उत्तर आयर्लंडमध्ये म्हणजे ब्रिटनच्या अमलाखाली, आणि डोनेगल, मोनाहन, कॅव्हन या तीन आयर्लंड प्रजासत्ताकात. नकाशावरची सीमारेषा या स्पर्धेला माहीतच नाही. आज सामना एका देशात, पुढचा दुसऱ्या देशात, आणि मैदानाबाहेर चहाचे पैसे कधी पौंडात तर कधी युरोत द्यायचे. शिवाय प्रांताची सगळी स्पर्धा बाद पद्धतीची. नऊ काउंट्यांचे नऊ विजेते, आणि जो एकदा हरला तो घरी गेला. हिवाळ्याच्या चिखलात साठ मिनिटांत वर्षाचा निकाल लागतो. साखळी सामन्यांत ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणायची सोय असते, इथं ती नाही. माझ्या मते या स्पर्धेची सारी धार या एका गोष्टीत आहे.

२. संघ निवडायचा नसतो, तो आपल्याला मिळतो

इथं खेळाडूला पगार नाही. क्लबकडून खेळणाऱ्यालाही नाही आणि काउंटीकडून खेळणाऱ्यालाही नाही. रविवारी हजारो लोकांसमोर खेळलेला मुलगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा बांधकामावर हजर असतो. आणि जिथं वाढलात, त्याच क्लबकडून खेळायचं. क्लब बदलता येतो, पण तो मोठा मामला असतो. गॉलवेचा शेन वॉल्श २०२२ मध्ये आपल्या गावचा क्लब सोडून डब्लिनच्या किलमकड क्रोक्सकडे गेला, तर त्याची चर्चा आयर्लंडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली होती. नियमांत बसणारी गोष्ट होती, तरीही.

कॉनर ग्लासचं उदाहरण मी माझ्या मुलाला पुन्हा पुन्हा सांगते. हा ग्लेनचा मुलगा. कोवळ्या वयात ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये गेला, मेलबर्नच्या हॉथॉर्न क्लबकडून खेळला. तिथं पगार होता, नाव होतं. २०२० मध्ये तो परत आला आणि ग्लेनच्या हिरव्या-पिवळ्या जर्सीत उभा राहिला. पुढं तो डेरी काउंटीचा कर्णधार झाला. पैशासाठी खेळणं वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. मीही पगारासाठीच सातासमुद्रापार आले आहे. पण ज्या मैदानावर आपण लहानपणी बूट घालायला शिकलो त्याच मैदानावर परत येऊन खेळणाऱ्या माणसाकडे पाहताना प्रेक्षकाला जे वाटतं, ते विकत घेता येत नाही.

३. हरवायचं ते शेजाऱ्याला, आणि शेजारी म्हणूनच राहायचं

मॅहरापासून मोजक्या मैलांवर स्लॅटनील आहे. धड गावही नाही, रस्त्याकडेची विखुरलेली घरं. पण या घरांनी २०१४, २०१६ आणि २०१७ साली अल्स्टर जिंकलं, आणि २०१६ मध्ये तर फुटबॉल, काठीनं खेळायचं हर्लिंग आणि त्याचाच बायकांचा प्रकार कमोगी अशी तिन्ही अल्स्टर विजेतेपदं एकाच वर्षी घरी नेली. हे असे शेजारी! दोन्हीकडची मुलं मॅहरातल्या एकाच शाळेत शिकतात, पुढं एकमेकांच्या घरात लग्नं होतात, आणि चॅम्पियनशिपच्या आठवड्यात एकमेकांशी बोलणं बेताचंच असतं.

आमच्या वॉर्डात एक सहकारी स्लॅटनीलची आहे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकाच पेशंटची पाठ धुवत होतो. सामन्याविषयी ती काही बोलली नाही, मीही नाही. पेशंट म्हातारा, ग्लेनचाच. त्यानं डोळे मिटूनच विचारलं, ‘काल कोण बरं खेळलं?’ तिनं सरळ ग्लेनच्या पोरांची नावं घेतली, प्रत्येकानं काय केलं ते सांगितलं, एकालाही कमी लेखलं नाही. पेठेत वाढलेल्या मला ही गोष्ट फार मोठी वाटली. ईर्ष्या कमी असावी असं नाही. ईर्ष्या पुरेपूर असावी, पण समोरच्याचा खेळ नजरेतून सुटू नये.

४. त्र्याहत्तर वर्षं

क्लब स्थापन झाला १९४८ साली. डेरीची वरिष्ठ चॅम्पियनशिप पहिल्यांदा जिंकली २०२१ साली, तीसुद्धा अंतिम सामन्यात स्लॅटनीलला हरवून. मधल्या काळात किती जणांनी गोलपोस्ट रंगवले, गवत कापलं, वर्गणी गोळा केली आणि कप न बघताच गेले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की एकदम चांगला संघ उगवला. तसं काही नव्हतं. याआधी ग्लेनच्या अठरा वर्षांखालच्या मुलांनी अल्स्टरची क्लब स्पर्धा सलग चार वर्षं जिंकली होती. ती मुलं मोठी होईपर्यंत गावानं धीर धरला. मग २०२१ मध्ये डेरी, २०२२ मध्ये डेरी आणि किलकूला हरवून पहिलं अल्स्टर, आणि २०२३ मध्ये शेजारच्या माहराफेल्टला हरवून डेरीची हॅट्‌ट्रिक. मी पाहिलेला मोसम हा असा तयार झाडाचा मोसम होता. बी कुणी लावलं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि सामन्याआधी दारात बसलेल्या त्या माणसांना हात हलवल्याशिवाय कुणी पुढं जात नाही.

५. क्लबमध्ये शिरायचं दार स्वयंपाकघरातून आहे

नियम कळायच्या आधी मला काम मिळालं, आणि कामामुळं मी या गावची झाले. हे मी नीट सांगते, कारण परदेशात एकटं पडल्याची तक्रार आपल्या लोकांकडून फार ऐकते.

शनिवारी सकाळी लहान मुलांचे सामने असतात. आसपासच्या क्लबांचे चिमुरडे संघ येतात. मैदान छोटं आखलेलं, कप वगैरे काही नाही, प्रत्येकाला खेळायला मिळालंच पाहिजे हा दंडक. मी मुलाला सोडून गाडीत बसायची. एका शनिवारी खिडकीवर टकटक झाली. सत्तरीच्या एक बाई, अंगावर क्लबचं जाकीट. ‘आत या, हात कमी पडताहेत,’ एवढंच म्हणाल्या. आत एका लांब टेबलावर पावाच्या लाद्या, लोण्याचे डबे, आणि मोठ्या पातेल्यात कुस्करलेली अंडी आणि बारीक चिरलेला कांदा. त्यांनी माझ्या हातात सुरी दिली आणि दाखवलं: लोणी पार कडेपर्यंत लावायचं, नाहीतर अंड्यानं पाव भिजतो, मग दोन काप, चार त्रिकोण, ओल्या फडक्याखाली ठेवायचे. पलीकडे कुणी तरी ‘फिफ्टीन्स’ वळत होतं. पंधरा बिस्किटं, पंधरा मार्शमॅलो, पंधरा चेरी, हा इकडचाच गोड पदार्थ, भट्टीशिवाय होणारा. चहाचा मोठा बंब सतत खळखळत होता. तासाभरात मला गावातल्या निम्म्या बायकांची नावं कळली, कुणाचा मुलगा कुठल्या जागी खेळतो ते कळलं, कुणाच्या आईला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय तेही कळलं.

त्यानंतर मला कुणी कधी विचारलं नाही की तुम्ही मूळच्या कुठल्या. विचारलं ते पुढच्या शनिवारी येणार का एवढंच.

हे सगळं बिनपगारी. गाड्या लावून घेणारे पिवळ्या जाकिटातले पुरुष, मुलांना शिकवणारे, जर्सी धुणाऱ्या, आठवड्याची सोडत चालवणारे, पत्रकं लिहिणारे. यात बँकेतला साहेब असतो आणि गुरं राखणारा शेतकरीही. चॅम्पियनशिपच्या दिवशी पंधराजण मैदानात उतरतात तेव्हा त्यांच्या मागं ही सगळी रांग असते. म्हणून माझं ठाम मत आहे की या मोसमाचं श्रेय फक्त पंधरांना देणारा माणूस सामना अर्धाच पाहतो.

६. नावात कोण आहे ते पाहावं

उत्तर आयर्लंडमध्ये गेलिक खेळ मुख्यतः कॅथलिक समाजाचे समजले जातात. कोण कुठल्या शाळेत गेलं, कुठला खेळ खेळतं, यावरून माणसाची बाजू ओळखतात. हॉस्पिटलात मी हे रोज पाहते. काही सहकारी सोमवारी सामन्याबद्दल विचारतात, काही विचारत नाहीत, आणि दोन्हींमागं जुना इतिहास आहे. मी नवखी असल्यामुळं दोन्हीकडचं मन लावून ऐकते.

पण आमचा क्लब ज्याच्या नावानं आहे तो वॉटी ग्रॅहम प्रेस्बिटेरियन होता, त्या पंथाच्या चर्चमधला वडीलधारा. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात तो युनायटेड आयरिशमेन या बंडखोर संघटनेच्या बाजूनं उभा राहिला आणि मॅहरातच त्याला ठार मारून त्याचं मुंडकं उडवण्यात आलं. दीडशे वर्षांनी कॅथलिक गावकऱ्यांनी आपल्या क्लबला त्याचं नाव दिलं. लहान मुलांना ही गोष्ट क्लबमध्ये सांगतात. माझ्या मुलाला ती पाठ आहे, आणि ती पाठ असल्याचा मला आनंद आहे.

७. गोलाची किंमत

नव्या प्रेक्षकानं एवढं ध्यानात घ्यावं. इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. मी पाहिलेल्या मोसमात आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण मिळायचा, खाली जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. चेंडू हातात घेऊन चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायानं उडवून परत हातात घ्यायचा. गुणफलक आधी गोल, मग गुण असा लिहितात. २-१० म्हणजे दोन गोल आणि दहा गुण, एकूण सोळा. हे का सांगते ते पुढं येईलच.

८. हरल्यानंतरचं वर्ष

माझ्या दृष्टीनं या मोसमाचा गाभा इथं आहे, आणि तो मोसमाच्या आधी घडला.

२२ जानेवारी २०२३. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अखिल आयर्लंड क्लब अंतिम सामना, ग्लेन विरुद्ध किलमकड क्रोक्स. किलमकड म्हणजे दक्षिण डब्लिनचं मोठं उपनगर, हजारो सभासद. ग्लेन १-९, किलमकड १-११. दोन गुणांचा फरक. शेवटच्या क्षणी ग्लेनला ४५ मीटरवरून फ्री किक मिळाली होती, गोल झाला असता तर सामना फिरला असता. आणि त्या वेळी मैदानावर किलमकडचे पंधरापेक्षा जास्त खेळाडू होते. बदली आत आले होते, पण बाहेर जाणारे पूर्ण गेले नव्हते. चित्रफितीत ते स्पष्ट दिसत होतं. ग्लेननं हरकत नोंदवली. असोसिएशनच्या समितीनं फेरसामन्याचा निर्णय दिला. किलमकडनं त्याविरुद्ध अपील केलं. आणि मग ग्लेननं माघार घेतली, प्रकरण पुढं न्यायचं नाही असं ठरवलं. कप डब्लिनलाच राहिला.

त्या आठवड्यांत गावात दोन मतं होती, आणि दोन्ही मतांची माणसं मी जवळून पाहिली. काही म्हणत, हक्काचं आहे ते घ्यायलाच हवं. काही म्हणत, समितीच्या खोलीत मिळालेला कप कपाटात ठेवून रोज बघायचा कसा? मी दुसऱ्या बाजूची. नियम मोडला गेला होता हे खरं, फेरसामना झाला असता तर त्यात अन्याय काहीच नव्हता. तरीही क्लबनं सगळं बाजूला ठेवून पुन्हा तळातून सुरुवात करायचं ठरवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रशिक्षक मॅलकी ओरूर्क या खेळातला मुरलेला माणूस. त्यानं मोनाहन काउंटीच्या संघाला २०१३ आणि २०१५ साली काउंटी संघांची अल्स्टर स्पर्धा जिंकून दिली होती. उन्हाळा आला, सराव सुरू झाला, आणि त्या फायनलचा विषय मैदानाच्या आसपास ऐकूच येईनासा झाला.

डिसेंबरमध्ये आर्मात अल्स्टरचा अंतिम सामना होता, समोर मोनाहनचं स्कॉट्सटाऊन. त्यांचा गोलकीपर रॉरी बेगन, जो मोनाहनकडून ओरूर्कच्याच हाताखाली खेळलेला. ग्लेननं तोही सामना काढला आणि अल्स्टर राखलं. मग जानेवारीच्या सुरुवातीला न्यूरीत उपांत्य सामना, आणि समोर पुन्हा किलमकड. ज्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मागता आलं असतं ते ग्लेननं गवतावर मिळवलं. न्यूरीहून परतताना बसमध्ये आरडाओरडा कमी आणि गप्पा जास्त होत्या. माझ्या शेजारी बसलेले आजोबा खिडकीबाहेर बघत एकेका हल्ल्याचा हिशेब लावत होते. किलमकडचं नाव त्यांनी एकदाही वाईट शब्दांत घेतलं नाही.

९. क्रोक पार्क, २१ जानेवारी २०२४

आयर्लंडवर त्या दिवशी इशा वादळ येणार होतं. गावातून निघालेल्या गाड्यांच्या खिडक्यांतून बाहेर काढलेले झेंडे वाऱ्यानं नुसते फाटत होते. क्रोक पार्कमध्ये ब्याऐंशी हजारांहून जास्त माणसं मावतात. क्लबच्या अंतिम सामन्याला ते कधीच भरत नाही, आणि मला ते आवडलं, कारण मोकळ्या खुर्च्यांमधून आपल्याच गावच्या माणसांचे चेहरे ओळखता येत होते. एका बाजूच्या गॅलरीला मायकल होगन याचं नाव आहे. १९२० च्या नोव्हेंबरात याच मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश फौजांनी गोळीबार केला आणि चौदा जणांचा जीव गेला, त्यात होगन हा खेळाडू होता. हे ठाऊक असलं की त्या गवताकडे पाहायची नजर बदलते.

समोर रॉसकॉमनचं सेंट ब्रिजिड्स, २०१३ चे विजेते. ते सरस खेळत होते, हे मान्य करायला हवं. वेळ संपत आली तेव्हा ग्लेन मागं होतं. माझ्या पुढच्या रांगेत त्या चहाच्या बंबाजवळच्या सत्तरीच्या बाई उभ्या होत्या, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घट्ट कोंबून. मग चेंडू कॉनर ग्लासकडे आला आणि त्यानं तो जाळीत मारला. बाईंचे हात खिशातून निघाले ते थेट माझ्या गळ्यात.

ग्लेन २-१०, सेंट ब्रिजिड्स १-१२. सोळा विरुद्ध पंधरा. ब्रिजिड्सनी तेरा वेळा गुण घेतले, ग्लेननं बारा वेळा. दोन गोलांनी सामना नेला. क्लबच्या इतिहासातलं पहिलं अखिल आयर्लंड विजेतेपद. कपाचं नाव अँडी मेरिगन कप. मेरिगन हा वेक्सफर्डचा क्लब खेळाडू शेतावरच्या अपघातात तरुणपणी गेला, म्हणजे देशातल्या सर्वोच्च क्लब कपावर नावसुद्धा एका क्लब खेळाडूचंच. वादळातून परत येताना भावाला फोन केला. कोल्हापुरात मध्यरात्र उलटली होती. त्यानं पहिला प्रश्न केला, ‘ताई, पेठेतले सगळे मिळून गेला होता काय?’ गेलिक फुटबॉलचा एकही नियम माहीत नसताना त्याला नेमकं विचारायचं ते कळलं होतं.

१०. नव्यानं आलेल्यांनी काय करावं

आयर्लंडात, उत्तर असो की दक्षिण, घर घेतलंत की पहिल्या महिन्यात गावचा क्लब शोधा. लहान मुलांची नोंदणी होते, तिची फी इतर छंदांच्या मानानं बेताची असते. मुलाला दातांचं रबरी संरक्षक घ्या, ते या खेळात सक्तीचं आहे, आणि सर्वांत स्वस्त घेऊ नका, ते तोंडात बसत नाही. हिवाळ्यात खाली थर्मल, वर जर्सी. बुटांना रबरी खिळे हवेत, साध्या बुटांनी चिखलात उभंही राहवत नाही. बायकांसाठी ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ नावाचा कार्यक्रम असतो. कधीही चेंडू न पाहिलेल्या बायकाही तिथं येतात. मीही जाते. माझी चार पावलं आणि मग पायावरून हातात चेंडू, हे आता जमायला लागलंय.

पुढच्या मोसमात अल्स्टरचा कप टिरोनच्या एरिगल किराननं नेला, आणि अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात त्यांना डब्लिनच्या क्वालानं हरवलं. आमच्याकडे लहान मुलांचा सराव शनिवारी सकाळी दहा वाजता सुरू होतो. पाव आणि लोणी मी आणते, अंडी दुसऱ्या कुणी तरी उकडून आणायची असतात.